शेळ्यांसाठी पळापळ

विंझरला माझी बहीण माझ्या आधी पोचली, असं वेल्ह्याच्या बाजारात अजून सांगतात. सांगू देत. पोचली हे खरं. पण कशी पोचली ते कुणी सांगत नाही, म्हणून मला लिहायला बसावं लागलं. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही पावसाळा सोडून, कारण पावसाळ्यात ओढा ओलांडता यायचा नाही. तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर दिसू दे. पाऊल माझं कधी वाकडं पडलं नाही.

दुष्काळातली रस्त्याची कामं नुकतीच बंद झाली होती. त्या कामांवर बायका खडी फोडायच्या, दुपारची सुकडी खायच्या, हप्त्याला पगार घ्यायच्या. मग पाऊस बरा झाला, शेतवाल्यांच्या घरात भात आलं आणि जो तो म्हणाला, सुटलो बुवा. पण ज्या बायकांना शेतच नव्हतं त्यांचं काम त्या पावसानंच नेलं. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणाचा नवरा मुंबईला गेला तो गेलाच. त्या पुन्हा डोंगराला लागल्या. पहाटे चढायचं, लाकडं तोडायची, डोक्यावर मोळी घेऊन उतरायचं आणि बाजारात गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं. वाटेत जंगलखात्याचा गार्ड भेटला तर मोळी जायची आणि कोयताही जायचा.

त्यातलीच एक माझी आक्का. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आक्कानंच मला कडेवर वाढवलं. तिचं लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली आणि ही नेसत्या लुगड्यानिशी परत आली. मी म्हटलं, घर तुझंच आहे. ती व्हय म्हणाली आणि पडवीत वेगळी चूल मांडली. सणासुदीला माझ्या बायकोच्या हातचं जेवायची, नाही असं नाही. पण मीठमिरची, तेल, लुगडं, सगळं आपल्या मोळीचं. लोकं म्हणायची, भाऊबहीण दोघंही एकासारखी एक हट्टी. हे मला पटत नाही. मी हट्टी नाही. दुसऱ्याचं चुकलेलं मला चालत नाही, एवढंच.

त्या साली दवाखान्यात नवीन नर्सबाई आल्या होत्या. पुण्याच्या, वयानं लहान, सायकलवर फिरायच्या. म्हणजे सायकल घेऊन फिरायच्या. आमच्या चढांवर ती सायकल बहुतेक वेळ त्यांच्या हातातच असायची. बाळंतपणं आणि जुलाबतापाच्या निमित्तानं त्यांनी वाड्यावाड्यांतली घरं बघितली आणि एके दिवशी देवळापुढं सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, या बायकांना एकेक शेळी घेऊन देऊ. शेळी व्याली की पहिली पाट, म्हणजे मादी करडू, तिनं दुसऱ्या गरजू बाईला द्यायची. पुढचं सगळं तिचं.

हे सगळ्यांना आवडलं. मग त्यांनी पैसे कसे उभे करायचे ते सांगितलं, आणि ते कुणालाच कळलं नाही. वेल्ह्यापासून विंझरपर्यंत माणसांनी पळायचं. पळणाऱ्यानं आधी घरोघर जाऊन बोली घ्यायची, मी इतकं पळालो तर तुमी काय देणार. त्यांच्या कॉलेजात असं करून पूरग्रस्तांना पैसे पाठवले होते म्हणे. चहाच्या हाटेलाचे मालक माझ्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "पळून कशाला? शेळ्या काय धरायच्या हायेत का?" देऊळ हसलं. बाईही हसल्या. पण त्यांनी मुद्दा सोडला नाही, आणि शेवटी कुणीतरी जत्रेतल्या कुस्त्यांची आठवण काढली. कुस्तीला नाही का आपण इनाम बोलतो, तसंच हे, फक्त इनाम पैलवानानं घरी न्यायचं नाही. मग कळलं.

पळणार कोण म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आता याचं कारण सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तेव्हा फोन नव्हता आणि एसटी दिवसातून मोजक्या वेळा यायची. कुणाच्या घरी माणूस गेलं की नात्यागोत्यात सांगावा धाडावा लागायचा, आणि तो घेऊन पळायचो मी. माझ्याइतकं जलद खोऱ्यात कुणी जात नव्हतं. बारा वाड्यांची पाणंद न् पाणंद मला पाठ. याचं कुणी काही द्यायचं नाही आणि दिलं असतं तरी मी घेतलं नसतं. पण सांगावा पोचवणं हे नुसतं पायाचं काम नाही. तुमचा बाप गेला असं दारात सांगितलं तर माणूस तिथंच खाली बसतो. मग त्याला न्यायचा कसा? म्हणून आधी त्यांनी दिलेलं पाणी प्यायचं आणि मग सांगायचं, "मेलं कुणी न्हाई. जरा जास्त हाय. चला." याचा अर्थ काय ते अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं. तरी पोचेपर्यंत माणूस त्या शब्दांना धरून चालायचा.

तर मी पळायला तयार झालो. त्यानंतर बाईंनी पहिल्या खेपेला शेळी कुणाकुणाला द्यायची ती नावं वाचली आणि त्यात आमच्या आक्काचं नाव आलं.

मी उठून म्हटलं, ते नाव काढा. बाई म्हणाल्या, "भाऊ, त्यांनाच विचारूया ना." आक्का बायकांच्यात बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या." एवढंच. आणि सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं.

घरी आल्यावर आमची जुंपली. मी म्हटलं, वर्गणीची शेळी माझ्या दारात बांधायची? लोकं म्हणतील, याला एक बहीण पोसवंना.

"पोसतोस का मला?" आक्का चुलीत फुंकर घालत म्हणाली.

"तू पोसू देतीस का?"

"मग लोकं खोटं काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, शेळीच पाहिजे तर मी घेऊन देतो, उद्या सारोळ्याकडच्या बाजारातून आणतो. ती म्हणाली, तुझी शेळी आली की ती तुझीच ऱ्हाणार. दूध काढताना मला तुझ्या बायकोच्या तोंडाकडं बघावं लागणार. माझी बायको आत भाकरी थापत होती, ती थापायची थांबली. मग आक्का म्हणाली, गुडघं दुखत्यात माझं. मोळी घेऊन डोंगर उतरणं हुईना आता. हे तिनं मला याआधी कधी सांगितलं नव्हतं.

मी ऐकलं, पण मागं हटणं माझ्यानं झालं नाही. म्हणून मी पैज घातली. मी म्हटलं, फुकटचं घ्यायचं न्हाई आपल्या घरात. तूही पळ. विंझरच्या वडाखाली माझ्या आधी पोचलीस तर घे शेळी, मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई पोचलीस तर नाव काढायचं.

आता गुडघेदुखी झालेली बाई, माझ्याहून वयानं मोठी. तिनं भांडायला पाहिजे होतं. ती नुसती "बरं" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

आक्का पळणार हे कळल्यावर बाकीच्या मोळीवाल्या बायकाही पळायला निघाल्या. नंतरचे दिवस मजेत गेले. जो तो बोली घेत फिरत होता. बोली पैशातच असते असं कुठं आहे? कुणी तांदूळ बोललं, कुणी नाचणी, एकानं कोंबडा. हाटेलवाले मला म्हणाले, तू पोचलास तर रुपये देईन आणि मधीच बसलास तर महिनाभर चहा पाजीन, काय पाहिजे ते बघ. कचेरीतले एक कारकून पुन्हा पुन्हा विचारायचे की पळणाऱ्यानं मधे थोडं चालून घेतलं तर पैसे कापायचे का. बाई सगळ्यांना हसून उत्तरं द्यायच्या. वेल्ह्यात आणि विंझरला त्यांनी स्वतः जाऊन सगळं समजावलं होतं. मधल्या वाड्यांना मात्र कुणी काही सांगितलं नाही. बाईंना वाटलं गावचं कुणी सांगेल, गावाला वाटलं बाई सांगतील.

भात झोडपून झालं होतं, थंडी पडली होती. सकाळची एसटी गेली की तिच्या मागून आम्ही सुटलो. तरणी पोरं होती, कॅनव्हासचे बूट घातलेले शाळेचे मास्तर होते, आणि मागं काष्टा घट्ट मारलेल्या बायका, लावणीला उतरताना मारतात तसा. चपला कुणी घातल्या नव्हत्या. सगळ्यात शेवटी पाण्याची कळशी आणि औषधाची पेटी सायकलला बांधून बाई. पोरांनी सुरुवातीलाच जोर लावला आणि पहिल्या चढाला बरगडी धरून उभी राहिली. मी माझ्या चालीनं पुढं निघालो. तोरणा पाठीमागं ठेवून, थंड हवेत, मोकळ्या रस्त्यानं. सांगावा नसताना पळायची ती माझी पहिलीच वेळ. डोक्यावर काही नाही, कुणाच्या दारात काय बोलायचं याचा घोर नाही. मला वाटलं, हे असं रोज करायला काय हरकत आहे?

मधल्या वाडीच्या तोंडाशी एक बाई शेण गोळा करत होती. तिनं मला बघितलं, पाटी तिथंच टाकली आणि घरांकडं धावली. मला वाटलं, कौतुकानं बोलवायला गेली असंल. पुढच्या वळणावर वाडीतली माणसं रस्त्यात उभी. मधे एक आबा, ज्यांची लेक वेल्ह्यात दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. दुसरं बाळंतपण म्हणून सासरीच राहिली होती.

त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, आधी पाणी पी. मी म्हटलं, थांबायला वेळ न्हाई. त्यांचा चेहरा आणखी उतरला. मग दोघांनी मला धरून दगडावर बसवलं, हातात गुळाचा खडा आणि तांब्या दिला. धापेनं मला बोलताही येईना. आबांची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"कोण?" आबांनी विचारलं.

मी दम घेतला आणि म्हटलं, "आबा, मेलं कुणी न्हाई."

बास. त्या माउलीनं हंबरडा फोडला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय बोललो. इतकी वर्षं याच शब्दांनी मी या खोऱ्यात मरण पोचवत आलो होतो. मी म्हटलं, आबा, खरंच कुणी न्हाई. ते डोळे पुसत म्हणाले, "व्हय, व्हय. जरा जास्त हाय, न्हवं?" आणि आत बघून पोराला गाडीला बैल जुंपायला सांगितलं. मी म्हटलं, शेळ्यांसाठी पळतोय. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बिचाऱ्याला काय बोलावं सुचत नाही, असं कुणीतरी मागं म्हणालं. मी उठायला लागलो की दोघं खांदे दाबून खाली बसवत होते.

एवढ्यात पोरं आली, मास्तर आले, रस्त्यावरून पुढं गेले. त्यांच्या मागून बायका. आक्का सगळ्यात पुढं, पदर कमरेला खोचलेला, मोळी घेऊन उतरतात तशी बारीक पावलांची चाल. वाडीत ती रोजच्या ओळखीची होती. मी म्हटलं, आक्का, सांग यांना.

आक्का न थांबता म्हणाली, "बसवा त्याला, आबा. लई दमलाय." आणि गेली.

मला शेवटी सोडवलं ते नर्सबाईंनी. त्या सायकल ढकलत आल्या, तोंड लालबुंद. त्यांना बघून आबांची बायको मटकन खाली बसली. सांगाव्याच्या मागून नर्स, म्हणजे आता काय राहिलं? बाईंना आधी काही उमगेना. उमगल्यावर म्हणाल्या, मी सकाळीच तुमच्या लेकीला बघून आले, ती चुलीपाशी भाकरी करत होती.

आबांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "कशाची भाकरी?"

"नाचणीची."

"आन कालवण?"

"वालाचं. तुमचे जावई मीठ जास्त झालं म्हणून कुरकुरत होते."

तेव्हा कुठं आबांना खरं वाटलं. लेक बरी आहे हे कुणीही सांगेल, पण जावयाची कुरकुर बाईंना मनानं सुचणार नाही. म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं काढलं, तोंड पुसलं आणि मग मला अशा शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येत नाहीत. शिव्या संपल्यावर बाईंनी त्यांना शेळ्यांचं सगळं समजावलं. आबा उठून गोठ्यात गेले आणि दोरीला धरून एक शेळी घेऊन आले. तांबूस, कानाला पांढरा ठिपका. दोरी माझ्या हातात दिली. माझी लेक जिती हाय, म्हणाले, ही घेऊन जा, आन परत या रस्त्यानं पळू नगंस.

आता दिलेली शेळी घेऊन पळायचं कसं? शेळीला पळवायला लागलं की ती मागं ओढते. चार पावलं ओढली, पाच पावलं ती मला मागं घेऊन गेली. बाई म्हणाल्या, राहू दे, नंतर नेऊ. मी कशाचा ऐकतो. दुसऱ्याच्या दारात मिळालेली वस्तू मी दारातच सोडून गेलो असतो तर आबांना काय वाटलं असतं? मी ती शेळी खांद्यावर टाकली, पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या, आणि पळालो. बाई सायकलवर मागून हसत होत्या, आणि हसताना सायकल दोनदा खड्ड्यात घातली.

विंझरला वडाखाली गर्दी होती. पहिला कोण आला ते आता कुणाला आठवत नाही, मी पैजेवर सांगतो. पण खांद्यावर शेळी घेऊन मी वळणावर दिसलो तेव्हा जी आरडाओरड झाली ती सगळ्यांना आठवते. शेळीसकट पळालेला त्या दिवशी मी एकटाच. लोकांनी बोलीपेक्षा जास्त दिलं. दुकानदारांनी तांदळाचं पोतं आणून ठेवलं. मधल्या वाडीची अर्धी माणसं खरं काय ते बघायला मागून आली होती, त्यांनाही काहीबाही द्यावंच लागलं.

आक्का वडाच्या मुळीवर बसून पाय चोळत होती. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की पैशातून शेळ्या येतील तेव्हा येतील, पण पहिली शेळी ही आली आहे, आणि यादीतलं पहिलं नाव वाचलं, आक्काचं. माझ्या खांद्यावर शेळी तशीच. खाली ठेवायची कुठं, तर आक्काच्या पुढ्यात.

ती दोरी हातात घेऊन म्हणाली, "आणलीस व्हय? दारात नगं म्हणत हुतास."

आजूबाजूचे हसले. मी बोललो नाही. तोंड उघडणार नाही असं मीच म्हटलं होतं, आणि माझा शब्द म्हणजे शब्द. परतताना वाटेत मात्र मी तिला विचारलं, तुला ठाऊक होतं का, मला वाडीत धरतील ते?

"तू पळत आलास की काय असतं, ते समद्या खोऱ्याला ठावं हाय," ती म्हणाली. "तुलाच तेवढं ठावं न्हाई." शेळी आमच्या दोघांच्या मधून चालत होती, मघाशी पळेना ती आता पुढं पुढं करत होती.

शेळी पडवीत बांधली गेली. व्याली, दूध द्यायला लागली. आक्कानं दुधावर चहा सुरू केला, उरलेलं हाटेलात घालायला लागली. तिनं डोंगर सोडला. मी मात्र घरात कोरा चहा पीत राहिलो. दूध आवडत नाही म्हणायचो. एके सकाळी आक्कानं पडवीतून कप आत पाठवला, दुधाचा, आलं घालून. बायको माझ्याकडं बघत उभी राहिली. मी प्यालो. पुढं रोजच यायला लागला. दर महिन्याला आक्का माझ्या बायकोशी त्याचा हिशोब करायची आणि दोघी मिळून तो मला सांगायच्या नाहीत.

ठरल्याप्रमाणं पहिली पाट दुसऱ्या बाईला द्यायची होती, विंझरच्या पलीकडं राहणाऱ्या. ती पोचवायला मी निघालो. आक्का म्हणाली, एसटीनं जा. मी म्हटलं, एसटीत शेळी कंडक्टर घेतो का? पाट खांद्यावर घेतली आणि निघालो. मधल्या वाडीच्या तोंडाशी आबा उभेच होते, नातू कडेवर घेऊन. त्यांनी मला लांबून बघितलं आणि हात कपाळाला लावला.

"आता काय आणलंस, लेका?"

मी मुद्दाम पावलं आणखी सावकाश टाकली.

"काय न्हाई, आबा," म्हटलं. "बघा की, चालत आलोय."